हातांचे बोबडे बोल

सात-आठ महिन्यांच्या बाळाजवळ कधी बसलाय का? "बाबाबा, दादादा, मममम" असा त्याचा जप अखंड चालू असतो. त्याला अर्थ काही नसतो, पण घरातल्यांना कोण कौतुक! आता मला सांगा, एखाद्या घरात आई आणि बाबा दोघंही कर्णबधिर आहेत. त्यांचं सगळं बोलणं, रुसणं, भांडणं, गोष्टी सांगणं खुणांच्या भाषेत चालतं. बाळाला मात्र छान ऐकू येतं. तर ते बाळ काय करेल?

ते हातांनीसुद्धा बडबडतं! अगदी खरं सांगतेय.

अशी घरं फार दुर्मीळ आहेत असं समजू नका. कर्णबधिर आईबाबांच्या दर दहा मुलांपैकी साधारण नऊ मुलांना नीट ऐकू येतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात संशोधन करणाऱ्या लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांना अशाच बाळांबद्दल कुतूहल वाटलं. हात तर सगळीच बाळं हलवतात. मग नुसतं हात हलवणं कोणतं आणि हातांची बडबड कोणती, हे ओळखायचं कसं? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या हातांवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारे चिमुकले दिवे लावले. कॅमेरे त्या दिव्यांचा माग काढत राहिले आणि हात कुठून कुठे, किती वेगानं गेला याची बारीक नोंद होत गेली.

२००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोलत्या घरातल्या बाळांचे हात सेकंदाला साधारण अडीच-तीन वेळा हलत होते. खुणांच्या घरातली बाळंही तसे हात हलवत होती, पण त्यांची आणखी एक निराळी, संथ हालचाल होती, सेकंदाला साधारण एक. तुम्हीच करून बघा ना! एका सेकंदात मनगट तीनदा हलवा, मग एका सेकंदात एकदाच. दुसऱ्या वेळी हात किती निवांत फिरतो, जाणवलं? आणि हे संथ हात बहुतेक वेळा छातीसमोरच्या मोकळ्या जागेत फिरत होते. मोठी माणसं खुणा करतात ना, नेमक्या त्याच जागेत! शब्द एकही आलेला नाही, पण भाषेची लय आणि जागा बाळानं आधीच टिपलेली. मला तर हे वाचून इतका आनंद झाला होता की भेटेल त्याला सांगत सुटले होते. मेंदूला भाषा हवी असते. ती कानांतून येते की डोळ्यांतून, याचं त्याला काही पडलेलं नसतं.

आणि तोंडाचं बोलणं? तेही येतंच की. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, अंगणातली मुलं यांच्याकडून. बाळाच्या कानांवर बोलणं पुरेसं पडत राहिलं, की दोन्ही भाषा बरोबरीनं वाढतात.

इथे एक गंमत सुरू होते. तुम्हाला मराठी आणि इंग्रजी येत असेल, तरी दोन्ही भाषांतले शब्द एकाच क्षणी उच्चारता येणार नाहीत, कारण तोंड एकच. या मुलांचं तसं नाही! तोंडानं "मांजर" म्हणता म्हणता त्यांचे हात मांजराची खूण करून मोकळे होतात. दोन भाषा एकाच वेळी, आणि कुणालाच थांबावं लागत नाही.

भुवयांचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या खुणांच्या भाषेत 'जर' म्हणायचं असेल तर भुवया वर जातात. ते त्या भाषेचं व्याकरणच आहे. जेनी पायर्स आणि कॅरन एमोरी या संशोधकांनी ही भाषा येणाऱ्या, पण ऐकू येणाऱ्या मोठ्या माणसांना साध्या इंग्रजीत बोलायला लावलं, तेही खुणांची भाषा अजिबात न येणाऱ्या माणसाशी. हात गप्प होते. पण वाक्यात 'जर' आलं, की भुवया उचलल्या जायच्या!

अशा घराच्या सवयीही वेगळ्या. दाराची बेल वाजत नाही, तिचा दिवा लुकलुकतो. बाळ रडलं की पेटणारे दिवेही मिळतात. पलीकडे बघत असलेल्या आईला बोलवायचं तर खांद्यावर हात ठेवायचा, लांब असेल तर खोलीतला दिवा चालू-बंद करायचा. लाकडी जमीन असेल तर पाय आपटला तरी चालतो, हादरा पोचतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. बँकेत, दवाखान्यात, दुकानात ही मुलं आईबाबांची दुभाषी होतात. दुधाचा हिशेब सांगणं ठीक आहे. पण आईच्या आजाराबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे नऊ वर्षांच्या मुलीनं तिला का सांगावं? ते काम शिकलेल्या मोठ्या दुभाष्याचं आहे, आणि प्रत्येक दवाखान्यात तो मिळायलाच हवा. मुलीनं त्या वेळी फक्त आईजवळ बसावं.

अशा घरांतली काही मुलं पुढे फार नावाजली. एडवर्ड गॅलॉडेट यांच्या आई सोफिया कर्णबधिर होत्या. वीस वर्षांचे असताना ते वॉशिंग्टनमधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले आणि आईही त्या कामात त्यांच्याबरोबर होत्या. १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीनं तिथे पदव्या देता येऊ लागल्या. आज ते गॅलॉडेट विद्यापीठ आहे. मूकपटांच्या काळातला विख्यात नट लॉन चेनी याचे तर आई आणि बाबा दोघंही कर्णबधिर होते. आवाजाशिवाय नुसत्या चेहऱ्यानं आणि हातांनी सगळं सांगायचं तो घरातच शिकला होता! आपल्याकडे १९९६ साली आलेल्या 'खामोशी' चित्रपटात गोव्यातलं असंच एक कुटुंब आहे. त्यातले कर्णबधिर बाबा झालेत नाना पाटेकर आणि त्यांची लेक गाणारी आहे.

तुम्हाला आपल्याकडची खुणांची भाषा बघायची आहे? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं दहा हजार शब्दांचा कोश केला आहे, आणि तो छापील नाही, चित्रफितींचा आहे. मोठ्यांच्या मदतीनं तो इंटरनेटवर शोधा. सुरुवात आपल्या नावापासून करा. इंग्रजी अक्षरं बोटांनी दाखवताना अमेरिकेत एकच हात लागतो, आपल्याकडे बहुतेक अक्षरांना दोन्ही हात लागतात. तेव्हा हातातली वही आधी खाली ठेवा.