मत्स्यालयातील दगड : आधी पारख, मग सजावट

घरातील मत्स्यालय सजविण्यासाठी नदीकाठचे दगड आणण्याची हौस अनेकांना असते. असे दगड देखणे असतात आणि त्यांना पैसेही पडत नाहीत. परंतु प्रत्येक दगड माशांना मानवतोच असे नाही. काही दगड पाण्यात हळूहळू विरघळतात आणि त्याचे दुष्परिणाम कित्येक दिवसांनी दिसू लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. मुलताईजवळ उगम पावलेली वर्धा नदी बेसाल्टच्या प्रदेशातून येथवर येते. त्यामुळे तिच्या पात्रात काळा पाषाण, गारगोटी व अकीक यांचे गोटे मिळतात. वरोऱ्याच्या भूगर्भात गोंडवन काळातील वालुकाश्म व कोळशाचे थर आहेत. येथील जुनी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद झाली. नदीपलीकडे वणी-राजूर पट्ट्यात चुनखडी आहे. म्हणजेच थोड्याशा अंतरात निरुपद्रवी आणि घातक असे दोन्ही प्रकारचे दगड आढळतात.

चुनखडीमुळे पाण्याचा जडपणा आणि सामू म्हणजेच पीएच वाढतो. सामू वाढला की माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाची विषारी मात्राही वाढते. सामू एका अंकाने वाढल्यास ती सुमारे दहापट होते. मऊ पाण्यातील निऑन टेट्रा व डिस्कस यांना असे पाणी सोसत नाही. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना मात्र तेच मानवते.

पहिली चाचणी स्वयंपाकघरातील व्हिनेगरची. दगड धुऊन कोरडा करावा, त्यावर खिळ्याने ओरखडा काढावा आणि तेथे काही थेंब टाकावेत. बुडबुडे उठल्यास त्यात चुना आहे असे समजावे. मात्र व्हिनेगर सौम्य आम्ल असल्याने बुडबुडे न दिसणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. डोलोमाइटसारखा दगड भुकटी केल्याशिवाय सहसा दाद देत नाही. बेसाल्टमधील पांढऱ्या ठिपक्यांतही कॅल्साइट असू शकते. त्यामुळे त्यांची स्वतंत्र चाचणी घ्यावी.

खरा निर्णय दुसऱ्या चाचणीवर अवलंबून असतो. दोन बादल्यांत एकच पाणी भरून एकीत दगड ठेवावा, दुसरी तशीच ठेवावी. आठवडाभराने दोन्हींतील सामू व जडपणा चाचणी संचाने मोजावा. दुसरी बादली नसेल, तर बदल दगडामुळे झाला की मुळात पाण्यामुळे, हे कळणार नाही.

कोळशाच्या थरांजवळील, सोनेरी चकाकणारे कण असलेले दगड टाळावेत. ते कण पायराइटचे असल्यास हवा व पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होते. हिरवे-निळे डाग तांब्याचे असू शकतात. तांबे मासे, गोगलगाई व झिंगे यांना मारक ठरते. निवडलेला दगड ब्रशने घासावा, साबण वापरू नये आणि तो विस्तवावर तापवू नये; आत अडकलेल्या ओलाव्यामुळे तो फुटण्याचा धोका असतो.

दगड कोठून उचलावा, यालाही मर्यादा आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातील दगड वनोपज ठरतो. त्यामुळे ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रातून तो आणणे गैर आहे. वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथे डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात. तेथील एखादा ‘वेगळा’ दगड शोभेसाठी उचलला, तर एक पुरावा कायमचा नाहीसा होऊ शकतो.