मूठभर तांदळाचे हायस्कूल : गोव्यातील शहरी शाळा समाजाने कशा उभ्या केल्या

आपल्या मंडळातील बहुतेक घरांची मुळे आमोणे, डिचोली, साखळी, पेडणे या भागांत आहेत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कुणी ना कुणी पणजी, म्हापसा, फोंडा किंवा डिचोली येथील हायस्कूलमध्ये शिकून पुढे गेले, नोकरीला लागले आणि तिथेच स्थायिक झाले. त्या हायस्कूलचे नाव आपण अभिमानाने सांगतो. पण ती शाळा कुणी काढली, जागेचे भाडे कुणी भरले, मास्तरांचा पगार कुठून येत असे, असे घरातल्या नातवंडांना विचारले तर "सरकारने केले असेल" असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. गोव्यातील शहरांत आपल्या समाजासाठी हायस्कूल आधी समाजाने उभे केले, सरकारी अनुदान मागाहून आले. हा क्रम नव्या पिढीला माहीत असावा म्हणून हा लेख.

लिसेव आणि ग्राव

पोर्तुगीज अमदानीत सरकारी माध्यमिक शिक्षण म्हणजे पणजीचे लिसेव. त्याची स्थापना १८५४ साली झाली. पुढे अल्तिनोच्या टेकडीवर त्याची भव्य इमारत उभी राहिली. सगळे शिक्षण पोर्तुगीज भाषेतून होते. तिथे जाण्यापूर्वी पोर्तुगीज प्राथमिक शाळेतील 'प्रिमेर ग्राव' आणि 'सेगुंद ग्राव' या पायऱ्या चढाव्या लागत. "अमका सेगुंद ग्राव झालेला" हे वाक्य आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी आदराने येत असे.

आपला डिचोली महाल, पेडणे आणि सत्तरी हा नव्या काबिजादीचा भाग. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेला. घरात कोकणी बोलायची आणि हिशेब, पत्रव्यवहार, पोथी, कीर्तन मराठीतून, अशी इथली रीत. गावातला पंतोजी देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर मुलांना अक्षर, उजळणी आणि मोडी शिकवी. तिथून थेट लिसेवात जाणे सोपे नव्हते. एक तर पोर्तुगीज यायला हवे, दुसरे म्हणजे पणजीत राहण्याजेवण्याची सोय हवी. लिसेवात मराठी व संस्कृत हे विषय होते, मारियानु साल्दाना यांच्यासारख्या विद्वानांनी ते तिथे शिकवले. पण माध्यम पोर्तुगीजच.

त्यामुळे ज्यांना शिकायचे होते त्यांनी घाटापलीकडची किंवा मुंबईची वाट धरली. शणै गोंयबाब म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांचा जन्म १८७७ साली आपल्या डिचोलीत झाला. त्यांनी मॅट्रिकची परीक्षा मात्र मुंबईत दिली. धर्मानंद कोसंबी हे सांखवाळचे, त्यांनाही विद्येसाठी गोवा सोडून पुणे गाठावे लागले. ही मोठी माणसे म्हणून त्यांची नावे राहिली. ज्यांच्या घरी मुंबईत एखादा काका किंवा मामा नव्हता, त्या मुलांचे शिक्षण पंतोजीपाशीच संपले. त्यांची नोंद कुठेच नाही.

मुष्टिफंडाचा हिशेब

ही अडचण ओळखून पणजीतील मंडळींनी १९०८ साली मुष्टिफंड संस्था काढली. तिच्या नावातच तिचा जमाखर्च आहे. मुष्टि म्हणजे मूठ. घरातली बाई रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ शाळेच्या नावाने बाजूला काढून ठेवी. ते तांदूळ गोळा करून विकायचे आणि येणाऱ्या पैशांतून शाळा चालवायची.

आमचा जन्म आकडेमोडीत गेला, म्हणून हा हिशेब करून पाहू. एका मुठीत साधारण ५० ग्रॅम तांदूळ धरले तर महिन्याला एका घराचे दीड किलो होतात. अशी १०० घरे असली तर महिन्याला १५० किलो, म्हणजे ५० किलोची तीन पोती. कुठल्याही घरावर याचा भार पडत नाही आणि शाळेकडे दर महिन्याला ठरावीक रक्कम येते. एखाद्या धनिकाची मोठी देणगी एकदाच मिळते, तिच्यातून जागा किंवा इमारत होते. मास्तरांचा पगार हा चालू खर्च आहे, त्याला दर महिन्याची आवकच लागते. मुष्टिफंड काढणाऱ्यांना हे नेमके समजले होते. आणखी एक गोष्ट त्यातून साधली. ज्या घरातून रोज मूठ निघते, ते घर शाळेत काय चालले आहे याची चौकशीही करते.

१९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. धर्मावरून भेद करणारे जुने निर्बंध ढिले झाले आणि हिंदूंना सरकारी नोकऱ्यांची व संस्था काढण्याची वाट मोकळी झाली. लगेच १९११ साली फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. दादा वैद्य यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. मंडळाच्या शाळेला प्रजासत्ताकाचे एक नेते आंतोनियु जोझे द आल्मैद यांचे नाव दिले गेले. फोंड्याचे आल्मेदा हायस्कूल ते हेच.

इंग्रजी शाळांची सुरुवात त्याआधीच झाली होती. बार्देशात हडफड्याचे सेंट जोसेफ हायस्कूल १८८७ चे. या शाळांतून मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची तयारी करून घेत. पोर्तुगीज राज्यात इंग्रजी कशासाठी, असा प्रश्न पडेल. कारण पोटापाण्याचे होते. रेल्वे, पोस्ट, पेढ्या आणि गिरण्यांची कचेरी हे सगळे ब्रिटिश हिंदुस्थानात होते आणि तिथे मॅट्रिकचा कागद चाले.

१९६१ नंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा साक्षरता ३१ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती ८८.७० टक्के झाली. पन्नास वर्षांतला हा पल्ला भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात सुरू झाला. डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन झाले तेव्हाही ते त्याच पदावर होते. गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि चौथी झालेल्या मुलांचा लोंढा हायस्कूलच्या दाराशी आला. तो सामावून घेतला तो प्रामुख्याने संस्थांच्या शाळांनी. डिचोलीचे शांतादुर्गा विद्यालय, पणजीचे पीपल्स, प्रोग्रेस, मुष्टिफंड या शाळांची नावे आपल्या घराघरांत आहेत.

सुरुवातीला एस.एस.सी.ची परीक्षा पुणे बोर्डाची होती. १९७५ साली गोव्याचे स्वतःचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आले. १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम यांनी शाळांच्या कारभाराची चौकट घालून दिली.

ही चौकट थोडक्यात अशी. अनुदानित हायस्कूलची मालक नोंदणीकृत संस्था असते. संस्थेचे सभासद आपले पदाधिकारी निवडतात आणि शाळेचा कारभार व्यवस्थापन समिती पाहते. शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या पगाराचे अनुदान शिक्षण खाते देते, देखभालीसाठीही काही रक्कम मिळते. जागा, इमारत, मैदान, प्रयोगशाळा यांची मूळ जबाबदारी संस्थेची. पालकांचा आवाज पालक-शिक्षक संघातून पोचतो.

म्हणजे मुठीतून जो पगार निघत होता, तो आता सरकारी तिजोरीतून निघतो. शिक्षकांना वेळेवर व पुरेसे वेतन मिळू लागले ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र मूठ थांबली तशी घरातली चौकशीही थांबली. अनेक संस्थांच्या वार्षिक सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबून मग तीच सभा पुन्हा सुरू करावी लागते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

वर्गाबाहेरची शाळा

शहरातले हायस्कूल गावाकडच्या मुलाला समाजात वावरायला शिकवी. नवरात्रात सरस्वतीपूजन असे. त्या दिवशी फुले कुणी आणायची, प्रसादाचे पंचखाद्य कुणी करायचे, याची वाटणी मुलेच करत. स्नेहसंमेलनाला आपण 'गॅदरिंग' म्हणायचो. त्यात नाट्यप्रवेश बसवताना पेटी व तबल्याला माजी विद्यार्थी येत, पडदे आणि पोशाख गावच्या नाटकमंडळीकडून मागून आणत. आमोण्यात श्री बेताळाच्या उत्सवी नाटकात काम केलेला मुलगा शाळेच्या रंगमंचावर बुजत नसे, आणि शाळेत पाठ केलेले स्वगत तो पुढच्या जत्रेत गावात म्हणून दाखवी. कला अकादमीच्या भजन आणि नाट्य स्पर्धांतही शाळांची पथके उतरू लागली.

या शाळांत भाटकाराचा मुलगा, मुंडकाराचा मुलगा, खाणीवरच्या कामगाराचा आणि मासळी विकणाऱ्या बाईचा मुलगा एकाच बाकावर बसले. गावात जे इतक्या सहजपणे घडत नव्हते, ते शहरातल्या शाळेत घडले. मुलींच्या बाबतीतही हेच. शहरातल्या नातेवाइकाकडे राहून शिकलेली मुलगी पुढे शिक्षिका किंवा परिचारिका झाली आणि मागच्या बहिणींची वाट सोपी झाली. ज्या मावशी-आत्यांनी अशी परक्या घरची मुले वर्षानुवर्षे जेवू घातली, त्याही या शाळांच्या देणगीदारच म्हणायला हव्यात.

आज काय पणाला लागले आहे

पहिली गोष्ट भाषेची. गोव्यात प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाची असली तरी पाचवीपासून बहुतेक सर्वत्र इंग्रजी माध्यम सुरू होते. हायस्कूलमध्ये मराठी उरते ती एक विषय म्हणून. विषय निवडणारी मुले कमी झाली की त्याचे तास कमी होतात आणि तास कमी झाले की शिक्षकाची जागा जाते. एकदा गेलेली जागा परत मिळवणे किती अवघड असते, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारावे. कोकणीशी स्पर्धा म्हणून आम्ही हे म्हणत नाही, दोन्ही भाषा आपल्याच घरातल्या आहेत. प्रश्न इतकाच आहे की आजोबांच्या हातची मराठी पत्रे आणि देवघरातली पोथी नातवाला वाचता यावी की नाही.

दुसरी गोष्ट जागेची. पणजीत जागा अपुरी पडल्याने काही शिक्षणसंस्था बांबोळीजवळच्या कुजिरा संकुलात गेल्या. तिथे मैदाने व इमारती प्रशस्त आहेत. पण पूर्वी मूल वाड्यावरून चालत शाळेत जाई, येता-जाता दुकानदार आणि शेजारी त्याला ओळखत. आता बालरथ बस दारातून नेते व दारात सोडते. सोय झाली आणि शाळेभोवतीचा शेजार हरवला.

तिसरी गोष्ट माणसांची. संस्था स्थापन करणारी पिढी गेली, ती सांभाळणारी पिढी सत्तरीच्या पुढे आहे. नवे सभासद आले नाहीत तर संस्थेचा कारभार मोजक्या लोकांच्या हाती राहील किंवा थंडावेल, आणि मग आपल्या आजीने मुठीमुठीने उभी केलेली शाळा कुणाची, या प्रश्नाला उत्तर देणारे कुणी नसेल.

आपल्याला करता येण्यासारखे

आपल्या मंडळाच्या कुटुंबांना आमचे सांगणे चार गोष्टींचे आहे.

१. ज्या शाळेत आपण किंवा आपली मुले शिकली, तिच्या संस्थेचे सभासद व्हावे आणि वार्षिक सभेला प्रत्यक्ष जावे. ताळेबंद वाचता येत नसेल तर आम्हा निवृत्त मंडळींपैकी कुणालाही सोबत न्यावे.

२. पाचवीत किंवा आठवीत विषय निवडताना मराठीचा विचार मुलाशी बसून करावा. शाळेने विचारले नाही तर आपण विचारावे.

३. देणगी मोठी नसली तरी नेमाने द्यावी. महिन्याला १०० रुपये म्हणजे वर्षाला १,२०० रुपये. अशी ५० घरे मिळाली तर वर्षाला ६०,००० रुपये होतात, ग्रंथालयाची मराठी पुस्तके आणि गॅदरिंगचा खर्च त्यात भागू शकतो.

४. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे शाळेचे जुने फोटो, प्रगतिपुस्तके, गॅदरिंगच्या हस्तपत्रिका असतील तर त्यांची प्रत मंडळाकडे द्यावी. मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे व साल लिहून घ्यावे. नावे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

येत्या गॅदरिंगची तारीख शाळेच्या फलकावर लागेल. आपल्या शाळेत चौकशी करून मुलानातवंडांसह जावे. खुर्च्या मांडायला आणि पडदा ओढायला शाळेला अजूनही माणसे लागतात.