फोन परदेशी नेताना

सिमलॉक ही हँडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली अट आहे: ठरावीक कंपनीचे सिम असेल तरच फोन नेटवर्कला जोडला जाईल. दुसऱ्या कंपनीचे सिम घातले की ते चालणार नाही असा संदेश पडद्यावर येतो आणि महागडा फोन कॅमेरा व वाय-फाय यांच्यापुरता उरतो. भारतीय ग्राहकाला या कुलपाची फारशी सवय नाही. इथे हँडसेट दुकानातून पूर्ण किमतीला घ्यायचा आणि सिम वेगळे घ्यायचे, हीच रीत रुळली. रिलायन्सचे जुने सीडीएमए हँडसेट आणि २०१७ मध्ये आलेला जिओफोन हे ठळक अपवाद. त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेला फोन पुण्यात किंवा नाशिकला सिम घेत नाही, तेव्हा दोष सिमचा वाटतो. बहुतेक वेळा तो फोनच्या कुलपाचा असतो.

अमेरिकेत फोन पूर्वीपासून मोबाइल कंपनीच्याच दुकानात, कराराने किंवा मासिक हप्त्याने विकला जातो. २००७ मध्ये पहिला आयफोन बाजारात आला तो एकट्या एटी अँड टी कंपनीसाठी, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने त्याचे कुलूप काढून दाखवले. पुढच्या वर्षीचा आयफोन थ्रीजी अमेरिकेत दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरना मिळत होता. भारतात तोच फोन २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला, तेव्हा त्याची किंमत ३१ हजार रुपयांपासून सुरू होत होती. अमेरिकी ग्राहकाला फोन स्वस्त पडत नव्हता. उरलेली रक्कम तो महिन्याच्या बिलातून फेडत होता, आणि ती फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येऊ नये म्हणून कुलूप होते.

हे कुलूप काढणे गुन्हा आहे की हक्क, यावर अमेरिकेत बरीच वर्षे वाद झाला. १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार सॉफ्टवेअरमधले संरक्षण तोडायला मनाई आहे. फोनसाठी दिलेली सवलत काढून घेतल्यामुळे २६ जानेवारी २०१३ पासून नवा फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणे बेकायदा ठरले. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरील अर्जावर त्याविरुद्ध एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ग्राहकाला हा हक्क परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. मात्र या कायद्यातली मेख लक्षात घ्यायला हवी: ग्राहकाला कुलूप काढायची मुभा मिळाली, कंपनीला कुलूप घालायला बंदी झाली नाही. ती बंदी कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून, जपानने ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून घातली. म्हणून टोरांटो किंवा लंडनहून येणाऱ्या नव्या फोनची काळजी नाही. अमेरिकेतून येणाऱ्या फोनची आजही चौकशी करावीच लागते.

चौकशी सोपी आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ उघडल्यावर ‘कॅरियर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे शब्द दिसले पाहिजेत. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घालून प्रत्यक्ष कॉल लावणे हीच खात्रीची कसोटी. हप्ते फिटले आणि कंपनीने ठरवलेली मुदत संपली की कंपनी विनामूल्य कुलूप काढते. प्रीपेड फोनला ही मुदत बरीच लांब असू शकते. सिमखाली पातळ चिप बसवून कुलूप चुकवून देणारी दुकाने मुंबईत फार जुनी आहेत, पण सॉफ्टवेअरच्या पुढच्या अपडेटबरोबर ही युक्ती निकामी होऊ शकते. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा. हप्ते थकलेल्या किंवा चोरीच्या फोनचा क्रमांक काळ्या यादीत गेलेला असतो, आणि असा फोन अनलॉक केलेला असूनही नेटवर्क त्याला नाकारते.

कुलूप नसलेला फोन कुठेही चालतो, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. फोनमधला रेडिओ ठरावीक बँडवरच बोलू शकतो आणि देशोदेशीचे बँड वेगळे आहेत. जीएसएमच्या काळातही भारत आणि युरोप ९०० व १८०० मेगाहर्ट्झवर होते, तर अमेरिका ८५० व १९०० वर. फोरजीने ही विभागणी वाढवली. भारतातले फोरजी मुख्यतः बँड ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालते. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६ आणि ७१ हे क्रमांक महत्त्वाचे. यांपैकी १२ आणि १३ हे ७०० मेगाहर्ट्झचे आणि ७१ हा ६०० मेगाहर्ट्झचा बँड. कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्या पोहोचतात. म्हणून भारतीय बाजारासाठी बनवलेला, हे बँड नसलेला स्वस्त अँड्रॉइड फोन शहराच्या रस्त्यावर उत्तम चालतो आणि विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत किंवा गावाबाहेरच्या महामार्गावर मुका होतो. दोष मालकाला समजतही नाही, कारण रेंज कधी असते, कधी नसते. युरोप आणि आखाती देशांत ही अडचण खूपच कमी आहे, कारण बँड ३ आणि फाइव्हजीचा एन ७८ तिकडेही आहेत. युरोपच्या ग्रामीण भागात बँड २० असला तर बरे.

बँड जुळले तरी आवाजाचा प्रश्न उरतो, आणि गेल्या काही वर्षांत खरी फजिती इथेच होते. टूजी-थ्रीजी असताना कुठलाही फोन कॉल लावू शकत असे. फोरजीवर कॉल जातो तो व्होल्टीने, आणि त्यासाठी त्या-त्या नेटवर्कची जुळणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले. एटी अँड टीने तर मान्यताप्राप्त फोनची यादीच केली. यादीत नसलेला फोन, त्यात सगळे बँड असले तरी, तिच्या नेटवर्कवर घेतला जात नाही. टी-मोबाइल याबाबत जरा सैल आहे. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थ्रीजी बंद झाले, तेव्हा तातडीचा ००० क्रमांक व्होल्टीवरून लावू न शकणारे फोन नेटवर्कवरून काढून टाकण्याची सक्ती कंपन्यांवर झाली. भारतात जिओवर सुरेख कॉल लागतो, यावरून परदेशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जिथे जायचे तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर आयएमईआय घालून फोन चालेल का ते आधी पाहता येते. ही पाच मिनिटांची तपासणी दुकानदाराच्या शब्दापेक्षा जास्त भरवशाची.

याशिवाय काही किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या गोष्टी आहेत. सॅमसंगचे अनेक फोन पहिल्यांदा सुरू करताना विक्रीच्या प्रदेशातले सिम घालून काही मिनिटे बोलावे लागते. ते न करता सीलबंद खोके परदेशी नेले तर तिथले सिम फोन नाकारू शकतो. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन स्थानिक सिमवर १२० दिवसच चालतो, पुढे मोठे शुल्क भरून नोंदणी करावी लागते. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही, सगळे ई-सिमवर. तो भारतात आणणाऱ्याला इथले प्लास्टिकचे सिम आधी ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागते.

परदेशी जायच्या निमित्ताने अनेकजण प्लॅटफॉर्मही बदलतात. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाणारे त्यात बरेच. संपर्क, फोटो, कॅलेंडर, संदेश यांची ने-आण आता अवघड राहिलेली नाही. अॅपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ हे अॅप २०१५ पासून हे काम करते. उलट्या दिशेने जाताना अँड्रॉइड फोन सुरुवातीच्या जुळणीतच केबलने सगळे ओढून घेतो. विकत घेतलेली अॅप मात्र दुसऱ्या बाजूला जात नाहीत, पुन्हा पैसे भरावे लागतात. अॅपल वॉच आयफोनशिवाय जुळत नाही, हेही किमतीच्या हिशेबात धरावे.

खरी गाठ व्हॉट्सअॅपची. अँड्रॉइडचा बॅकअप गूगलच्या खात्यात आणि आयफोनचा आयक्लाउडमध्ये राहतो, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्यावर उघडत नाही. नव्या फोनवर नंबर टाकून व्हॉट्सअॅप सुरू केले की गट दिसतात, वर्षानुवर्षांचे संवाद दिसत नाहीत. ते न्यायचे तर नवा आयफोन कोरा असतानाच, पहिल्या जुळणीच्या वेळी, ‘मूव्ह टू आयओएस’मध्ये व्हॉट्सअॅप निवडावे लागते. ही सोय २०२२ मध्ये आली आणि दोन्ही फोनवर नंबर तोच असावा लागतो. आधी आयफोन वापरायला सुरुवात केली आणि आठवड्याने चॅटची आठवण झाली, तर आयफोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आयफोन सोडणाऱ्याने नंबर आयमेसेजमधून काढायचे विसरू नये. तसे न केल्यास इतर आयफोनधारकांचे संदेश जुन्या खात्याकडे जात राहतात आणि नव्या फोनवर पोहोचत नाहीत. यासाठी अॅपलने २०१४ मध्ये वेगळे पानच दिले आहे.

बँका आणि यूपीआय यांमुळे या सगळ्याला मुदत पडते. यूपीआयचे अॅप नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून, त्याच फोनमधून एसएमएस जातो आणि त्यातून नंबर व हँडसेट एकमेकांशी बांधले जातात. भारतात हे मिनिटभराचे काम. परदेशात त्यासाठी रोमिंग चालू असावे लागते, एसएमएसचा दर पडतो आणि तो गेला नाही तर अॅप उघडतच नाही. सिम बदलून ई-सिम घेतले की सुरक्षेच्या नियमानुसार त्या नंबरवरची एसएमएस सेवा २४ तास बंद राहते, म्हणजे एक दिवस ओटीपी नाहीत. नव्या हँडसेटवर सुरुवातीला यूपीआयच्या रकमेची मर्यादाही कमी असते. विमानाच्या आदल्या रात्री नवा फोन आणि नवे ई-सिम घेणाऱ्याला या तिन्ही अटी एकदम भोवतात.

भारतीय नंबर परदेशातही जिवंत ठेवणे भाग आहे. ट्रायच्या नियमाप्रमाणे ९० दिवस न वापरलेले प्रीपेड कनेक्शन कंपनी बंद करू शकते. पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो, आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. अनिवासी खातेदारांना जानेवारी २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातींसह दहा देशांतले नंबर यूपीआयला जोडण्याची मुभा मिळाली, पण ती एनआरई आणि एनआरओ खात्यांसाठी. विद्यार्थ्याचे साधे बचत खाते त्यात बसत नाही.

हे सगळे पाहता फोनची निवड ज्या देशात जायचे तिथून सुरू झाली पाहिजे. अमेरिकेत दोन-चार वर्षे राहणार असेल आणि हातातला फोन तिथल्या नेटवर्कच्या यादीत नसेल, तर भारतात नवा फोन घेण्यात अर्थ नाही. जुनाच नेऊन तिथे पूर्ण किमतीचा अनलॉक्ड फोन घ्यावा. हप्त्याचा फोन स्वस्त दिसला तरी सुट्टीत घरी आल्यावर त्यात भारतीय सिम चालणार नाही. युरोप किंवा आखातात जाणाऱ्याने भारतातलाच चांगला दुहेरी सिमचा फोन न्यावा. आणि फोन किंवा प्लॅटफॉर्म भारतातच बदलायचा असेल, तर तो निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे बदलावा, रोमिंग इथेच सुरू करून घ्यावे आणि सगळी बँक अॅप नव्या हँडसेटवर एकदा चालवून पाहिल्याशिवाय जुना फोन पुसू किंवा विकू नये.