गरज ठरवणारा कोण? जाहिरात, बाजार आणि आपले सण



मार्केटिंग हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळला आहे. सरकारी मराठीत त्याला विपणन म्हणतात. पुष्कळांना वाटते, मार्केटिंग म्हणजे विक्री. पण या दोहोंत फरक आहे. विक्रीत गिऱ्हाइकाची गरज आधी असते आणि माल मागून येतो. नांगराचा फाळ मोडला म्हणून आपण लोहाराकडे जातो, ही झाली विक्री. मार्केटिंगमध्ये पुष्कळदा माल आधी तयार असतो आणि मग त्याची गरज गिऱ्हाइकाच्या मनात पेरली जाते. पेरणी, खतपाणी, राखण, कापणी हे सगळे त्यातही आहे. फक्त त्यातले शेत म्हणजे आपण स्वतः असतो.

आपणही माल विकणारी माणसे आहोत. साखर, गूळ, संत्री, कापूस हे सारे बाजारातच जाते. न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही अन् बोलणाऱ्याची माती विकते, असे आपल्याकडे म्हणतातच. तेव्हा जाहिरात म्हणजे पाप, असे कोणी म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की बाजाराला आपल्या घरात कुठवर येऊ द्यायचे. ओसरीपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत की थेट देवघरापर्यंत?

चहा घरात कसा आला

पहिले उदाहरण आपल्या रोजच्या कपाचे घेऊ. इंग्रजांनी आसामात चहाचे मळे लावले ते परदेशी बाजारासाठी. आपल्या पणजोबांच्या घरी पाहुण्याला गूळ-पाणी मिळे. मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ साली चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे जागतिक मंदीत भाव कोसळले. १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली. उरलेला चहा इथेच खपवणे भाग होते. मग प्रचारक यात्रांमधून, बाजारांतून, रेल्वे स्टेशनांवर फिरू लागले. ते चहा करून दाखवीत, फुकट पाजीत, देशी भाषांतल्या चित्रांच्या पाट्या लावीत. १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहणाऱ्या महात्मा गांधींचा चहाच्या सवयीला विरोध होता. तरी चहा काही हटला नाही.

चहाच्या मागोमाग घरोघरी साखरेचा डबा आला, हे ऊस लावणाऱ्यांनी विसरू नये. त्या प्रचाराचा लाभ आपल्यालाही झाला आहे. म्हणून मार्केटिंगला नुसत्या शिव्या देण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

पण चहाचे पुढे काय झाले ते पाहा. गूळ-पाण्याच्या जागी चहा आला, तरी आदरातिथ्य तसेच राहिले. ‘घोटभर चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ असे म्हणताना आपल्या मनात कोणत्याही कंपनीचे नाव नसते. चहा बाहेरून आला आणि आपल्या रीतीत बसला. अशी वस्तू आली तर संस्कृतीचे काही बिघडत नाही. बिघडते केव्हा? जेव्हा रीतच उचलून वस्तूच्या दुकानात नेली जाते तेव्हा.

भोंग्यापासून खिशापर्यंत

हे कसे घडले हे कळण्यासाठी जाहिरातीची वाट पाहिली पाहिजे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. हा पहिला प्रयोग मुंबई, पुणे आणि आपले नागपूर या केंद्रांवरून झाला. त्याआधी आकाशवाणीवर गाणी, बातम्या, शेतीचे कार्यक्रम असत. साबण-तेलाचा आवाज नसे. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. पण रेडिओ असो की टीव्ही, जाहिरात सर्वांना एकच असे आणि तिची वेळ ठरलेली असे. रेडिओ बंद केला की ती बंद.

आता मोबाईल आला आहे. त्यावरची जाहिरात ज्याची त्याला वेगळी दिसते. आपण काय शोधले, कशापाशी जरा थांबलो, कुठल्या गावात आहोत, याची नोंद होते आणि त्यावरून पुढची जाहिरात येते. पूर्वी फेरीवाला दारात ओरडून निघून जाई. आता तो खिशात बसलेला असतो आणि आपला हात कधी सैल होतो याची वाट पाहतो.

प्रताप नगरचा रस्ता

आपल्या भागातली बरीच मुले शिक्षणाला, नोकरीला नागपुरात राहतात. त्यांना भेटायला जाणाऱ्यांनी एकदा प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या बाजूने सणाच्या आठवड्यात सावकाश फिरून पाहावे. ही नोकरदार, मध्यमवर्गीय घरांची वस्ती. गावाकडून शहरात आलेली कितीतरी कुटुंबे इथे स्थिरावली. कोणता सण जवळ आला हे इथे पंचांग न उघडता कळते. दुकानांवरच्या पाट्या ते सांगतात. पाडव्याला गाडी, अक्षय्य तृतीयेला दागिना, राखीला चॉकलेटचा डबा, दसऱ्याला टीव्ही, धनत्रयोदशीला पुन्हा सोने. हेच चित्र आता तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहे.

यातली अक्षय्य तृतीया नीट तपासून पाहू. आपल्याकडे हा पितरांचा दिवस. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, पितरांच्या नावाने ती कुणाला तरी द्यायची. पुरणपोळी, कुरड्या, आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. पितरांना आंबा दाखवल्याशिवाय पुष्कळ घरांत कोणी आंबा तोंडात घालत नसे. खानदेशात हीच आखाजी. लेकी माहेरी येत, झोक्यावर गाणी म्हणत. कित्येक गावांत सालदाराचे साल याच दिवशी ठरे. अक्षय्य म्हणजे न संपणारे. या दिवशी दिलेले दान संपत नाही, असा त्याचा अर्थ. वैशाखाच्या उन्हात तहानलेल्याला पाणी देण्याला धर्माने दिलेले हे रूप होते.

आज शहरातल्या कोणत्याही पोराला विचारा, अक्षय्य तृतीया म्हणजे काय? तो सांगेल, सोनं घ्यायचा दिवस. हा बदल आपोआप झालेला नाही. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला आणि सोन्याचा बाजार मोकळा झाला. सोन्याच्या खाणी चालवणाऱ्या कंपन्यांनी १९८७ साली वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ही संस्था काढली होती. या संस्थेने आणि मोठ्या सराफी पेढ्यांनी अक्षय्य तृतीयेला सोने घेण्याचा जोरदार प्रचार केला. लाट दक्षिणेकडून उठली आणि पाहता पाहता देशभर पसरली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून आपणही मान डोलावली.

मुहूर्तावर गुंजभर सोने घेण्याची चाल आपल्याकडे पूर्वीपासून आहे. अडीनडीला तेच कामी येते. शेतकऱ्याच्या घरची ती बँक आहे. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण एका शब्दाचा अर्थ कसा फिरवला गेला ते ध्यानात घ्या. दिलेले संपत नाही, हा जुना अर्थ. घेतलेले वाढत राहते, हा नवा. घागर देणारा दिवस पिशवी भरून आणणारा दिवस झाला. पितर मागे राहिले आणि पाटी पुढे आली.

दसऱ्याचेही तसेच. आपट्याचे पान हेच आपले सोने. ते विकत घ्यावे लागत नाही, म्हणून सालदारही मालकाला सोने देऊ शकतो आणि मालक वाकून घेतो. पैसा नसला तरी एकमेकांना देता येईल असे जे काही माणसांजवळ असते, त्याला मी संस्कृती म्हणतो. सण जर खरेदीवरच मोजला जाऊ लागला, तर ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचा सणच हिरावला जातो. संस्कृतीचा ऱ्हास म्हणतात तो हाच.

तान्हा पोळा

नागपूरकडचा तान्हा पोळा हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असे नागपुरात मानतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांनी लाकडी बैल सजवायचा, घरोघरी न्यायचा आणि बोजारा घ्यायचा. यातून पोराला बैलाची ओळख होई आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचीही. सुताराने घरच्या लाकडातून करून दिलेला बैल तीन-तीन पिढ्या चाले.

आता ठिकठिकाणी मैदानात स्पर्धा होतात. मुले जमतात, आनंद होतो, हे चांगलेच. पण मागे दुकानाचा फलक, पुढे बक्षिसाची वस्तू, आणि नंबर बहुधा सर्वांत मोठ्या, सर्वांत महाग बैलाचा. लेकराने बैल स्वतः रंगवला की बापाने तयार विकत आणला, हे कोणी विचारत नाही. घरोघरी फिरणे कमी झाले. म्हणजे सण तोच, तिथी तीच, बैलही तोच. पण शिकवण उलटी झाली. पूर्वी पोरगं मिळून-मिसळून वागायला शिके, आता ते तुलना करायला शिकते.

ऋण काढून सण

जाहिरातीला आणखी एक गोष्ट कळते: आपल्या हातात पैसा केव्हा येतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पेमेंट व्हायला हवे. बिल जमा व्हायला लागले की गाड्यांचे, फोनचे, फर्निचरचे तंबू बाजारपेठेत उभे राहतात. ज्याच्याजवळ रोख नाही त्याला ‘शून्य टक्के व्याज’ म्हणून हप्ते बांधून देतात.

हे शून्य काय असते त्याचा हिशेब मांडू. समजा, एका वस्तूची किंमत २०,००० रुपये लिहिली आहे. रोख घेणाऱ्याला १,५०० सूट, म्हणजे ती १८,५०० ला मिळते. हप्त्याने घेणाऱ्याला सूट नाही. वर ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आधीच भरायचे आणि २,००० चे १० मासिक हप्ते. म्हणजे त्याने एकूण २०,५०० दिले, रोखवाल्यापेक्षा २,००० जास्त. दर महिन्याला फिटत जाणाऱ्या रकमेवर हिशेब केला तर हे व्याज दरसाल सुमारे २३-२४ टक्के पडते. पीककर्जाच्या ७ टक्क्यांवर आपण बँकेत भांडतो आणि इथे हसतमुखाने सही करतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज दुसऱ्या नावाखाली लपवलेले असते.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले. त्यांच्या वेळी सावकाराच्या दारात जावे लागे, त्याची लाज वाटे. आता कर्जालाच सणाचे कपडे घातले आहेत.

काय करता येईल

बाजार बंद करणे आपल्या हाती नाही आणि तशी गरजही नाही. काही साध्या गोष्टी मात्र करता येतील.

पहिली गोष्ट, मोठी खरेदी सणाच्या दिवशी ठरवू नये. वस्तू पाहिल्यावर आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावेत. तेवढ्या दिवसांनी घरातल्या बाईमाणसांना, पोरांना तिची आठवण राहिली, तर ती गरज. विसरली गेली, तर ती जाहिरात होती.

दुसरी, हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी ‘रोख दिले तर किती?’ हे विचारावे. आकडा ऐकून गप्प बसावे आणि घरी येऊन वजाबाकी करावी. सोने घेताना प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

तिसरी, खोट्या जाहिरातीने फसलात तर गप्प राहू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते.

चौथी गोष्ट सहकाराची. विकण्यासाठी एकत्र येणे आपण शिकलो, घेण्यासाठी एकत्र येणे अजून शिकायचे आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हजारो कुटुंबांना एकत्र मागणी नोंदवून महिन्याचा किराणा घ्यायला शिकवले. यादी आधी घरात होते, मग बाजारात जाते. म्हणून जाहिरातीला मध्ये शिरायला जागा राहत नाही. गावातले दहा-वीस सभासद मिळून हे सहज करू शकतील.

आणि शेवटची. गावच्या पोळ्याच्या मंडळाने यंदा बक्षीस द्यायचे तर लेकराने स्वतः रंगवलेल्या बैलाला द्यावे, आणि स्पर्धेआधी पोरांना चार घरी बोजाऱ्याला पाठवावे. याला पुरस्कर्ता लागत नाही. अक्षय्य तृतीयेला सोने घ्यायचे असेल त्याने खुशाल घ्यावे. पण आधी पाण्याची घागर भरून ती कुणाच्या तरी दारात पोचवावी, मग सराफाकडे जावे. एवढा क्रम जरी सांभाळला तरी सण आपल्याकडे राहील. विकणाऱ्याने बोलावे, त्याचा तो धंदा आहे. कोणाला काय द्यायचे हे मात्र आपण घरात बसून ठरवावे, एवढीच विनंती.