जुन्या फटफटीचं नवं इंजिन



गाळप संपलं की कारखान्यात खरी ठोकाठोक सुरू होते. रोलर उतरतात, बेअरिंगं उघडली जातात, पंप आणि टर्बाइन खोलून पाहिली जातात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, कारखाना बंद आहे. पण फिटर मंडळींना विचाराल तर ते सांगतील, पुढचा हंगाम याच दिवसांत ठरतो. मागच्या गाळपात काय तापलं, काय झिजलं, कशापायी किती तास बंद पडलो, याची वही समोर ठेवूनच ही कामं होतात.

असाच हंगाम आणि बंद हंगाम एका माणसाने पदरमोड करून चाळीस वर्षांहून जास्त काळ चालवला. त्याचा कारखाना म्हणजे एक शेड आणि यंत्र म्हणजे एक फटफटी. त्याचं नाव बर्ट मन्रो. गाव इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंड देशाच्या पार दक्षिण टोकाचं. शर्यती हा काही त्याचा धंदा नव्हता, की मागे कोणती कंपनी नव्हती. हौसेने धावायचं, धावताना इंजिन मोडायचं आणि मोडलेल्यातून नवं इंजिन उभं करायचं, हाच त्याचा क्रम. त्याची हकीकत यंत्राशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे.

शेतकऱ्याचा पोर

मन्रोचा जन्म १८९९ सालचा, एका शेतकरी कुटुंबातला. वेगाची आवड लहानपणापासूनची. घरचा सगळ्यांत चपळ घोडा पळवण्यात त्याला भारी गोडी. १९२० साली त्याने एक नवीकोरी मोटारसायकल घेतली. तिचं नाव ‘इंडियन स्काउट’. या नावाचा आपल्या देशाशी काही संबंध नाही, बरं का. ‘इंडियन’ ही अमेरिकेतली कंपनी. दोन सिलिंडरचं, सुमारे ६०० सीसीचं ते इंजिन. कारखान्यातून आली तेव्हा गाडी ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर पळायची. त्या काळाला तेवढं पुष्कळ होतं.

मन्रोला ते पुरेना. १९२६ पासून त्याने गाडीत फेरफार सुरू केले. दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी आणि रात्री इंजिन. कित्येकदा रात्रभर शेडमध्ये काम करून सकाळी तसाच कामावर जायचा. पुढे त्याने ‘व्हेलोसेट’ नावाची आणखी एक गाडी घेतली आणि तिच्यावरही हाच प्रयोग चालवला. गावाजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्यावरची लांब, सपाट, घट्ट वाळू ही त्याची शर्यतीची वाट.

घरगुती ओतकाम

नवं इंजिन करायचं म्हणजे त्याने काय केलं? बाजारातून महागडे भाग आणायला पैसा नव्हता. म्हणून पिस्टन तो स्वतः ओतायचा आणि साचा म्हणून जुने पत्र्याचे डबे वापरायचा. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम, तेल फिरवण्याची व्यवस्था, सगळं हातचं. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून कापून, घासून काढले आणि त्यांना स्वतःच पाणी दिलं. आपल्याकडे भंगारात जाणारा आस तिकडे शर्यतीच्या इंजिनात गेला!

मूळ इंजिनात व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे आत येणाऱ्या वायूला वळसा घालून यावं लागतं, आणि वळसा म्हणजे अडथळा. मन्रोने व्हॉल्व वर, सिलिंडरच्या डोक्यावर नेले. उसाच्या पाटाला काटकोनात वळण दिलं की पाणी तुंबतं, पाट सरळ केला की वाहतं, तसाच हा प्रकार.

मापाचा खेळही सोपा नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा असला, तर तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. पिस्टन घट्ट बसवला तर तो फुगून जाम होतो. ढिला ठेवला तर आवाज करतो आणि दाब निसटतो. या दोहोंमधली फट केसाएवढी. ती कागदावर कितीही मांडली, तरी बरोबर आहे की नाही हे इंजिन पूर्ण तापून, पूर्ण जोरात पळाल्यावरच कळतं.

मोडतं का?

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की रॉडवर बसणारा हिसका दुप्पट होत नाही, चौपट होतो. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, लगेच उलटा खाली ओढला जातो. दर फेऱ्याला हा हिसका. म्हणून रोजच्या चालीला वर्षानुवर्षं टिकणारा रॉड शर्यतीत मिनिटात तुटतो, आणि तुटला की सिलिंडर, पिस्टन, क्रँककेस सगळ्यांची वाट लावून जातो.

बरं, रॉड बळकट केला म्हणून काम संपत नाही. मग पुढचा कच्चा भाग पुढे येतो: पिस्टन, नाहीतर बेअरिंग, नाहीतर व्हॉल्व. बैलगाडीचा आस पक्का केला की धाव निसटते, तसं. कोणता भाग आता कच्चा आहे, हे शेडमध्ये बसून कळत नाही. ते मैदानच सांगतं. म्हणून मन्रोच्या बाबतीत धावणं आणि बांधणं ही दोन कामं नव्हतीच. मैदानात इंजिन प्रश्न विचारायचं आणि शेडमध्ये तो उत्तर शोधायचा. पुढच्या वेळी पुन्हा मैदान, पुन्हा नवा प्रश्न.

फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड त्याने फेकले नाहीत. शेडमध्ये फळ्यांवर ओळीने मांडून ठेवले आणि त्यांना नाव दिलं, ‘वेगाच्या देवाला नैवेद्य’. यात थट्टा आहे, पण शहाणपणही आहे. तुटलेला तुकडा कुठून तुटला, कसा तुटला, रंग कसा बदलला, यात पुढच्या कामाचा सगळा हिशेब असतो. १९७१ साली न्यूझीलंडमध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला, त्याचं नावही हेच ठेवलं होतं.

या हौसेला पैशाखेरीजही किंमत मोजावी लागते, हे सांगितलंच पाहिजे. मन्रो चार मुलांचा बाप. १९४७ साली त्याचा घटस्फोट झाला. त्यानंतर नोकरी सोडून तो गाडीच्या शेडमध्येच राहू लागला. असं सगळ्यांनी करावं, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही.

मिठाचं मैदान

१९४० साली त्याने आपल्या देशात ताशी १२०.८ मैलांचा विक्रम केला. १९५७ साली ओरेटीच्या वाळूवर ताशी १३१.३८ मैल. वय तेव्हा साठीच्या जवळ.

अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं अफाट सपाट मैदान आहे. वेगाच्या विक्रमासाठी जगभरची माणसं तिथे येतात. मन्रो तिथे दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसतं बघायला, पुढे नऊ वेळा धावायला. १९६२ साली ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या त्याच इंजिनावर त्याने ताशी सुमारे १७९ मैलांचा विक्रम केला. १९६६ साली वरच्या गटात १६८ मैलांचा. आणि १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षांच्या गाडीवर, सुमारे ९५० सीसीच्या इंजिनानिशी, १००० सीसीच्या आतल्या गटाचा विक्रम. तेव्हा नोंद झाली १८३.५९ मैलांची. पुढे कागदपत्रं तपासताना हिशेबातली चूक त्याच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ साली, मन्रोच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, तो आकडा १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, असा दुरुस्त झाला. विक्रम धरताना जाता-येता दोन्ही बाजूंची सरासरी घेतात. वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून. त्याच वर्षी एका बाजूच्या धावेत तो १९०.०७ मैलांपर्यंत गेला होता.

हे सहज झालं असं समजू नका. एका धावेत भर वेगात गाडी थरथरू लागली. वेग कमी व्हावा म्हणून तो सरळ उठून बसला, तर वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्माच उडवला आणि गाडी मिठावर आडवी झाली. मन्रो वाचला.

मन्रो १९७८ साली वारला. अखेरच्या दिवसांत त्याने दोन्ही गाड्या गावातल्याच दुकानदाराला विकल्या. त्या आपल्याच मुलखात राहाव्यात अशी त्याची इच्छा होती. २००५ साली त्याच्या जीवनावर इंग्रजी चित्रपटही आला.

ऊस आणि शर्यत

शर्यतीच्या इंजिनात अल्कोहोल वापरण्याची रीत जुनी आहे. अल्कोहोलचं बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता ओढून घेतं. आत येणारी हवा थंड होते, इंजिन ठोकत नाही आणि दाब वाढवता येतो. खप मात्र जास्त. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, अमेरिकेतल्या ‘इंडीकार’ मोटार शर्यतींत २०२३ पासून जे इंधन आलं, त्यात उसाच्या टाकाऊ भागापासून केलेलं इथेनॉल आहे.

आपल्या पोरांसाठी

सभासदांच्या घरोघरी आता मोटारसायकली आहेत, आणि पोरांच्या अंगात वारं आहे. त्यांना रागावून भागत नाही. सांगायचं ते हे, की मन्रो बाजाराच्या रस्त्यावर विक्रम करत बसला नाही. त्याने मोकळी वाळू गाठली, मिठाचं मैदान गाठलं. आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे आणि कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे इथे बांधीव धावपट्ट्या आहेत. हौशी लोकांसाठी दिवस ठेवले जातात, तेव्हा फी भरून, अंगभर संरक्षक कपडे घालून आपली गाडी तिथे पळवता येते. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत नाही, की मध्ये शेळी येत नाही. हौस असेल तर तिथे जावं. गावच्या वळणावर पोरगं गेलं, तर ते भरून निघणारं नुकसान नव्हे.

आणि दुसरं आपल्या सगळ्यांसाठी. पंपाचं इंजिन असो, ट्रॅक्टर असो, पॉवर टिलर असो. मिस्त्रीने खोलल्यावर तुटका भाग लगेच भंगारात टाकू नका. तो कुठे झिजला, का झिजला ते विचारा, तारीख घालून वहीत लिहा आणि तुकडा गोठ्यातल्या फळीवर ठेवून द्या. तोच भाग दुसऱ्यांदा त्याच जागी तुटला, तर दोष बहुधा भागाचा नाही, तो बसवण्याचा किंवा वापरण्याचा असू शकतो, हे फळीवर दोन तुकडे शेजारी दिसले की आपोआप कळेल. नवा भाग आणायला जाल तेव्हा ते दोन्ही तुकडे खिशात घालून जा.