वस्तू एक, गुण अनेक

विळीचे पाते लोखंडाचे असते आणि पाट लाकडाचा असतो. याच्या उलट का नसते? लाकडाच्या पात्याने कांदा चिरला जाणार नाही, हे उघडच आहे. पण लोखंडाचा पाट चालला असता की! चालला असता, पण तो उचलता उचलता बाईचा हात दुखला असता. थंडीत गार लागला असता. मोरीजवळ ठेवला तर गंजला असता. म्हणून पाट लाकडाचा. ज्या कोणी पहिली विळी केली, त्याने एवढा विचार केलेला होता.

विळी ही वस्तू झाली. लोखंड आणि लाकूड हे पदार्थ झाले. पदार्थ म्हटले की आपल्याला पुरणपोळी आठवते. पण ज्याची वस्तू घडते, त्यालाही पदार्थच म्हणतात. लोखंड कठीण असते, जड असते, धार धरते आणि गंजते. हे लोखंडाचे गुणधर्म. असे गुणधर्म पाहून पदार्थांचे निरनिराळे ढीग लावायचे, याला शाळेत 'वर्गीकरण' म्हणतात. तुमचा मुलगा किंवा मुलगी हा शब्द घेऊन घरी आली, तर बिचकू नका. हे काम तुम्ही जन्मभर करीत आला आहात.

मातीचेच बघा. आपल्याकडे गावाचे दोन भाग फार पूर्वीपासून मानतात. काळी आणि पांढरी. शेत ते काळी, वस्ती ती पांढरी. नावे रंगाची आहेत, पण निवड गुणावरून झाली आहे. काळी माती पाणी धरून ठेवते. भिजली की फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ही माती चांगली, पण तिची भिंत घातली तर दोन पावसाळ्यांत उकलेल. पांढरी माती तेवढी फुगत नाही, तेवढी आकसत नाही. म्हणून भिंतीला आणि माळवदाला पांढरी माती. आपल्या आजा-पणजांना अक्षर येत नव्हते, पण मातीचे हे दोन ढीग त्यांनी चोख लावले होते.

आता मुलांना घेऊन घरी करण्याजोगा एक खेळ सांगतो. सुपात दहाबारा वस्तू गोळा करा. लोखंडी खिळा, तांब्याची पळी, जर्मनचे झाकण, काचेची बांगडी, खडू, मेणबत्तीचा तुकडा, खापरी, लाकडाची ढलपी, मिठाचा खडा, शिसपेन्सिल, जुन्या चपलेचे रबर. पोराला म्हणा, "लाव बरं ढीग." ते आधी रंगावरून लावील. नाहीतर देवघरातले एकीकडे आणि स्वयंपाकघरातले एकीकडे करील. करू द्या. तेही वर्गीकरणच आहे. मग आपण एकेक प्रश्न विचारायचा. प्रश्न बदलला की ढीग मोडायचा आणि नवा लावायचा. खेळाची सारी मजा त्यातच आहे.

पण आधी एक सावधगिरी. नावावर जाऊ नका. शिसपेन्सिलीत शिसे नसते. त्यात ग्राफाइट नावाचा काळा पदार्थ माती मिसळून भरलेला असतो, आणि ग्राफाइट हा कोळशाचा भाऊबंद आहे. जर्मनचे भांडे म्हणजे ॲल्युमिनियमचे भांडे. ज्या बॉक्साइट दगडापासून ॲल्युमिनियम काढतात, तो आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही सापडतो. नाव परदेशी आणि दगड घरचा! तेव्हा नाव ऐकून घ्यावे, पण गुण हाताने तपासावा.

पहिला प्रश्न, कठीण कोण आणि मऊ कोण? खिळ्याच्या टोकाने प्रत्येकावर ओरखडा काढून बघा. मेणावर, खडूवर लगेच उठेल. जर्मनच्या झाकणावरही उठेल. काचेच्या बांगडीवर उठणार नाही. म्हणजे काच खिळ्याहून कठीण ठरली. पोराला हे पटत नाही. ते म्हणते, "पण बांगडी तर फुटते!" बरोबर आहे. कठीण असणे निराळे आणि न फुटणे निराळे. काच कठीण आहे, पण ठिसूळ आहे. तांबे मऊ आहे, पण चिवट आहे. तांबट पत्र्यावर हजार ठोके घालतो, तेव्हा घागर होते. पत्रा ताणतो, वाकतो, पण फुटत नाही. काचेवर एक ठोका घालून बघा म्हणजे कळेल. (खरेच बघू नका, कपचा डोळ्यांत जातो.)

एकाच लोखंडाचेही दोन स्वभाव असतात. पत्र्याचा तवा आपटला तर फार तर पोचा येईल. बिडाचा तवा दगडावर पडला तर दोन तुकडे होतील. बीड हेही लोखंडच. पण त्यात कर्ब, म्हणजे कोळशातला मूळ पदार्थ, जास्त असतो. त्यामुळे ते ठिसूळ होते. विळ्या-कोयत्याच्या पोलादात कर्ब थोडा असतो. लोहार ते लाल करून पाण्यात बुडवतो, म्हणजे धार टिकते. याला आपण पाणी पाजणे म्हणतो. पदार्थ तोच, पण त्यात काय मिसळले आणि त्यावर काय क्रिया केली, यावर गुण पालटतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बादलीत एकेक वस्तू टाका. लाकूड आणि मेण तरंगेल, खिळा आणि खापरी बुडेल. पोर म्हणेल, जड ते बुडते. मग त्याला विचारा, खिळा जड की आढ्याचे लाकूड? लाकूड जड, तरी ते तरंगते. म्हणून माप सारखे घ्यावे लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेवढ्याच मापाचे लोखंड पावणेआठ किलोच्या आसपास भरते, तांबे जवळजवळ नऊ किलो भरते. तेल मात्र एक किलोलाही पुरे पडत नाही, म्हणून ते पाण्यावर तवंग धरते. पोहायला शिकताना पोरे पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधतात. तोही याच कारणाने. पांगारा फार हलका. रिकामा तांब्या तरंगतो, भरला की बुडतो. तो पदार्थाचा गुण नव्हे, आकाराचा गुण. पोटातल्या हवेमुळे तो तरतो. त्यामुळे परीक्षा घ्यायची ती भरीव तुकड्याची.

मिठाचा खडा या दोन्ही ढिगांत बसत नाही. आमच्या वर्गात हा खेळ चालू असताना एक मुलगी तो खडा हातातून सोडीच ना. म्हणाली, "गुरुजी, हा बुडतो पण मग जातो कुठं?" तो पाण्यात विरघळतो. चव घेतली तर कळते की तो आहे. वाळू बुडते, पण विरघळत नाही. मीठ विरघळले की पाणीच जड होते, आणि याचा भात लावणाऱ्याला मोठा उपयोग आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात भाताचे बी टाकून ढवळावे. पोचट आणि रोगट बी वर तरंगते. ते काढून टाकावे. तळाशी बसलेले भरीव बी चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि पेरावे. साध्या पाण्यात जे अर्धेकच्चे बी बुडून फसवते, ते मिठाच्या पाण्यात वर येते. येथे ढीग लावायचे काम पाणीच करते.

लोहचुंबकाचा प्रश्न मुलांना सर्वांत आवडतो. सुपातला खिळा तेवढा चिकटेल. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम चिकटणार नाहीत. धातू आहे म्हणून चिकटेलच असे नाही. हल्लीचा एक रुपया चिकटतो. स्टीलच्या भांड्यांत काही चिकटतात आणि काही नाही, कारण स्टीलमध्ये लोखंडाबरोबर दुसरे धातू कमीअधिक मिसळतात. धान्यात सुई पडली तर चुंबक फिरवून बघा, पाखडण्याआधी सापडेल.

उष्णतेचे तुम्हाला सांगायला नको. उलथण्याला लाकडी मूठ का, हे हात पोळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धातूतून उष्णता झटकन पुढे जाते, लाकडातून आणि मातीतून हळू जाते. धातू तापला की थोडा वाढतोही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवतात. तापून ती मोठी होते, चाकावर बसते आणि वर पाणी ओतले की आकसून चाक आवळून धरते.

कोणता धातू किती तापल्यावर वितळतो, हाही एक गुण आहे. कथील २३२ अंशांना वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणूनच कल्हईवाल्याचा धंदा चालतो. त्याच्या भट्टीत कथील पातळ होते आणि तांब्या-पितळेच्या भांड्याला काही होत नाही. कापसाच्या बोळ्याने तो ते आत पसरतो. आंबट ताक, चिंचेची आमटी उघड्या तांब्या-पितळेला लागली तर कळकते आणि पोटात गेली तर मळमळ, वांती होते. कल्हई मध्ये आली की आंबट आणि तांबे यांची गाठ पडत नाही. कल्हई उडाली असेल तर त्या भांड्यात आंबट ठेवू नका.

आता विजेचा प्रश्न. येथे ढीग चुकला तर माणूस जातो, म्हणून हे सावकाश वाचा.

लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांच्यातून वीज वाहते. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधूनही वाहते. कोरडे लाकूड, रबर, काच, चिनी माती यांच्यातून ती सहसा वाहत नाही. म्हणून तार तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची असते, आणि खांबावरचे पांढरे चिमणे चिनी मातीचे असतात. मुलांना हे दाखवायचे तर बॅटरीचा सेल आणि छोटा दिवा घ्या. दीड व्होल्टच्या सेलने धोका नाही. घरातल्या विजेवर असली परीक्षा कधीही घेऊ नका. ती २३० व्होल्टची असते. विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारीची त्याहून जास्त, चारशेच्या घरातली.

लाकूड कुठल्या ढिगात? कोरडे असेल तर वीज न वाहणाऱ्या. ओले झाले की ते दुसऱ्या ढिगात जाते. माती तशीच. आपले शरीरही तसेच. कोरड्या हातापेक्षा ओल्या हातातून वीज कितीतरी सहज शिरते. रात्री पाणी पाळीवर आले, पाय चिखलात आहेत, हात ओले आहेत आणि मोटारीची पेटी उघडली, म्हणजे आपणच तार झालो. पेटीजवळ कोरडी फळी टाकून ठेवावी, हात पुसावेत, पायात रबरी बूट असावेत. झिजून भोके पडलेल्या, भिजलेल्या चपलेचा भरवसा धरू नये.

फ्यूजची तार मुद्दाम अशी बारीक घेतात, की जास्त वीज वाहिली तर ती तापून वितळावी आणि पुरवठा तुटावा. तिचे कामच वितळण्याचे. ती उडाली की आपले लोक तिथे जाड तार पिळून घालतात आणि म्हणतात, "आता नाही उडायची." खरेच उडत नाही. मग मोटार जळते, नाहीतर घर.

कोणाला वीज लागून तो चिकटून राहिला, तर जीव कळवळतो आणि माणूस धावत जाऊन त्याला धरतो. मग दोघे जातात. धरू नका. आधी बटण बंद करा. बटण सापडत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने तार बाजूला करा. काठी ओली असेल तर ती काठी नव्हे, तारच समजा. सुटलेला माणूस ठीक दिसला तरी त्याला दवाखान्यात न्या. हे घरच्या विजेचे झाले. शेतावरून जाणारी मोठी लाइन तुटून पडली असेल, तर तिच्या आसपासही जायचे नाही, काठी घेऊनही नाही. ती ११,००० व्होल्टची असते. दूर राहून वीज कंपनीला फोन करा आणि लोकांना, गुरांना लांब ठेवा.

कपडे वाळत घालायच्या तारेकडेही आपले लक्ष नसते. खांबावरून घरात येणारी वायर पत्र्यावर घासते. वरचे आवरण झिजते आणि पत्र्यात वीज उतरते. त्याच पत्र्याच्या लोखंडी कांबीला कपड्यांची तार बांधलेली. बाई ओले लुगडे घेऊन, ओल्या पायांनी अंगणात येते आणि तारेवर टाकते. लोखंडी पत्रा, लोखंडी तार, ओले लुगडे, ओला हात, ओली जमीन. पाचही वस्तू एकाच ढिगातल्या, आणि एकीला एक लागून उभ्या.

ही तार काढून टाका. नायलॉनची दोरी घ्या, स्वस्त मिळते. तिची टोके पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधू नका, खांबाच्या ताणाच्या तारेलाही नको. अंगणात दोन लाकडी मेढी पुरून त्यांना बांधा. आणि पत्र्यावर वायर टेकलेली असेल, तर वायरमनला बोलावून ती उचलून घ्या, पाऊस लागायच्या आधी.