जंबूर ओळखा, मगच पेटी विका

घरातील कारीगर गेला, गाळा सोडावा लागला, मुले नोकरीला लागली, की सर्वात आधी विकली जाते ती हत्यारांची पेटी. धारावी असो, मदनपुरा असो की कुर्ल्याची ठक्करबाप्पा कॉलनी, चामड्याच्या कामावर ज्या घरांची रोजी चालली, तेथे असे प्रसंग नवीन नाहीत. भंगारवाला लोखंडाचे वजन करतो, हुनराचे नाही. घरच्यांनाच वस्तू ओळखता आली नाही तर तक्रार कोणाकडे करायची?

रापी, आरी, लाकडी फर्मा या वस्तू बहुतेकांना माहीत असतात. परंतु एका हत्यारापाशी नवी पिढी हमखास अडखळते. दिसायला ती पकड असते, लांबी साधारण आठ-नऊ इंच. तोंड चोचीसारखे वळलेले, टोकाला चपटे, आणि आतून आडवे दाते. इथपर्यंत ठीक, परंतु जबड्याच्या खाली लोखंडाचा एक जाड गठ्ठा निघालेला असतो, हातोडीच्या तोंडासारखा. पकडीला हातोडी कशासाठी? म्हणून कोणी तिला सुताराची समजतो, कोणी घोड्याला नाल ठोकणाऱ्या नालबंदाची.

ही बूट बनविणाऱ्याची पकड आहे. कारखान्यांत तिला जंबूर म्हणतात, इंग्रजीत लास्टिंग पिन्सर. फारसीत ज़ंबूर म्हणजे गांधीलमाशी. जिने एकदा धरले की सोडत नाही, तिचे नाव या हत्याराला शोभते.

आता त्या गठ्ठ्याचे काम पाहू, कारण ओळख तिथेच पटते. बुटाचा वरचा भाग, म्हणजे अपर, शिवून तयार झाला की तो फर्म्यावर चढवितात. आमच्या उर्दूत फर्म्याला कालबूत म्हणतात. फर्म्याच्या तळाला इनसोल आधीच ठोकलेला असतो. अपरची कड तळाखाली साधारण पाऊण इंच वळवून घट्ट बसवायची असते. कारीगर जंबुराच्या दातांत ही कड धरतो, गठ्ठा इनसोलच्या काठावर टेकवितो आणि मूठ खाली दाबतो. गठ्ठा टेकू होतो, पकड तरफ होते आणि चामडे ताणून वर येते. नुसत्या मनगटाच्या जोराने इतका ताण देता येत नाही. मग डाव्या अंगठ्याने कड दाबून धरायची, जंबूर उलटे करायचे आणि त्याच गठ्ठ्याने चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकायचा. हत्यार खाली ठेवून हातोडी शोधायला गेले तर ताणलेले चामडे परत सैल पडेल. ओढणे, तरफ देणे आणि ठोकणे ही तीन कामे एका हातात आणणारे हे हत्यार आहे.

यात खरी उस्तादी ताणाची आहे. कापड स्टेंटरवर चढविले की दोन्ही काठांना ताण सारखा लागतो का, हे आम्ही कापडवाले पाहतो. चामड्याचे काम त्याहून अवघड. पाठीकडचे चामडे कमी ताणते, पोटाकडचे जास्त. दोन्ही बाजू सारख्या जोराने ओढल्या तरी टो वाकडा बसू शकतो. किती ओढायचे हे कारीगराचा हातच सांगतो.

हे काम यंत्राने होणारच नाही, असे अमेरिकेतील बूटवाले एकेकाळी मानीत असत. सुरिनाममध्ये जन्मलेल्या यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर या कृष्णवर्णीय कारागिराने मॅसॅच्युसेट्समधील लिन शहरात ते खोटे ठरविले. २० मार्च १८८३ रोजी त्याला लास्टिंग यंत्राचे पेटंट मिळाले. हाताने काम करणारा कुशल माणूस दिवसाला सुमारे ५० जोड चढवीत असे. यंत्र १५० ते ७०० जोड चढवू लागले. यंत्राने केले काय? जंबुराचीच नक्कल: धरा, ओढा, वळवा, ठोका. बिचारा १८८९ मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. १८९९ मध्ये युनायटेड शू मशिनरी कंपनी स्थापन झाली. ती यंत्रे विकण्याऐवजी भाड्याने देऊन जोडामागे रॉयल्टी घेत असे. नफा कोठे जमा झाला हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तरीही लहान कारखान्यांतून जंबूर गेले नाही. आज बऱ्याच ठिकाणी अपर चुकांऐवजी सोल्युशनने चिकटवितात, तेव्हा ओढण्याचे काम राहते, ठोकण्याचे कमी होते. म्हणून गठ्ठ्याचे तोंड चेपलेले, झिजलेले असेल, तर ते चुकांच्या जमान्यात भरपूर चाललेले हत्यार समजावे. उलट, कोल्हापुरी चपलेच्या कारीगराच्या पेटीत जंबूर शोधू नका. त्या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवण होते.

एक फसगत मात्र टाळावी. सोफ्याचे कापड आणि चित्रकाराचा कॅनव्हास ताणण्याची पकडही अशीच असते, खाली गठ्ठ्यासह. तिचा जबडा सरळ आणि दोन इंचांहून रुंद असतो. बुटाच्या जंबुराचा जबडा अरुंद, बहुधा एका इंचाच्या आत, आणि बाजूला वळलेला. टोला वाकडी वळणे असतात, तेथे रुंद जबडा चालतच नाही. नालबंदाच्या पकडीला हा गठ्ठा नसतो.

मग शिक्का पाहा. शेफील्डची जॉर्ज बार्न्सली (१८३६ पासून) आणि अमेरिकेची सी. एस. ऑस्बोर्न (१८२६ पासून) ही या हत्यारांतील जुनी नावे. देशाचे नाव कोरलेले असेल तर हत्यार बहुधा १८८७ नंतरचे, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश मर्चंडाइज मार्क्स कायद्यानंतर परदेशी मालावर देशाचे नाव टाकण्याची रीत पसरली. हिंदुस्थानात असाच कायदा १८८९ मध्ये आला. त्यातच कापडाच्या ताग्यावर वारांत लांबी छापण्याची सक्ती होती, म्हणून तो आमच्या धंद्याच्या ओळखीचा.

गंज काढायला ग्राइंडर लावू नका, शिक्का जाईल. घासलेट, चिंधी, पितळी ब्रश पुरे. सांध्याला तेलाचे दोन थेंब. दात कानशीने धारदार करण्याचा मोहही नको. दात थोडे बोथटच हवेत, धारदार दात अपर फाडतात. विकत घेणाऱ्याने कातड्याचा तुकडा जबड्यात धरून ओढून पाहावा. तो पूर्ण रुंदीभर पकडला गेला पाहिजे. एका कोपऱ्यातून निसटला तर जबडा वाकलेला आहे, आणि असे जंबूर टो नेहमी एकाच बाजूला ओढणार.